कावेरीकाठी कालवे

शीर्षक वाचून हा लेख पाटबंधाऱ्यांविषयी असेल असे आपणांस वाटले असेल, तर वाचकहो, तो आपला दोष नव्हे. कावेरीच्या मुलखात कालवे मोजावयास बसले तर जन्म पुरावयाचा नाही. कल्लणैच्या प्राचीन बंधाऱ्यापाशी वाटून दिलेले पाणी शेताशेतांतून, आळीच्या कडेकडेने धावत असते. परंतु येथे सांगावयाचे आहे ते त्या कालव्यांविषयी नव्हे. कोकणात ओहोटीच्या वेळी खडकांवरून कोयतीने ठोकून काढतात, ज्याच्या खडबडीत शिंपल्यात करडा, मऊ गर असतो, ते कालव. आणि ते कुंभकोणमच्या एका मराठी घरी पाच मित्रांच्या पंगतीस कसे आले, ही आजची हकीकत आहे.

फसलेले आपण पहिलेच नाही. आमच्या मित्राच्या वृद्ध मातोश्रींना मी उत्साहाने सांगितले, "आई, आज कालवे आणली आहेत." त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे उत्तर दिले, "आणायची कशाला? दाराशीच आहेत की." तमिळमध्ये पाण्याच्या पाटाला 'काल्वाय' म्हणतात. मराठी कालवा आणि तमिळ काल्वाय ही जोडी त्यांच्या कानात जन्मापासून एकत्र नांदलेली. खाण्याच्या कालवाला तेथे जागाच नव्हती. मी भाषांतरावर पोट भरणारा मनुष्य. एका शब्दाने एवढी फजिती करावी, याचे मला वाईट वाटावयास हवे होते. परंतु खरे सांगतो, आनंदच झाला.

आता ही पाच मंडळी कोण, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी चेन्नईत आम्ही एका बिऱ्हाडात राहत होतो. यजमान कुंभकोणमचा, घरचा व्यापार पितळी समयांचा. दुसरा मालवणचा, तो परंगिपेट्टै येथे, वेल्लारु नदीच्या मुखाशी असलेल्या अण्णामलै विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्र केंद्रात संशोधनासाठी येऊन राहिलेला. तिसरा यंत्रज्ञ, जपानी कारखान्यात नोकरी आणि त्यानिमित्त दोन वर्षे जपानात वास्तव्य. चौथा गणिताचा अध्यापक, कुंभकोणमचाच देशस्थ, आणि कडकडीत शाकाहारी. पाचवा प्रस्तुत लेखक. मासळीचे जेवण ठरवताना प्रश्न उभा राहिला तो गणितज्ञाचा. त्याला वगळून पंगत मांडावयाची, तर ती मांडण्यात अर्थ काय? त्यानेच निकाल दिला, "मी येणार. माझे पान निराळे वाढा, सुरी निराळी ठेवा, आणि वास येतो म्हणून मी नाक मुरडले तर क्षमा करा."

यजमानाचे घराणे मराठ्यांचे, आणि घरात मासळी नित्याची. घरात मराठी बोलली जाते, पण मासळीची नावे मात्र सगळी तमिळ! सुरमईला वंजिरम, पापलेटला वव्वाल (वव्वाल म्हणजे वटवाघूळ, पापलेटचा आकार आठवून पाहा म्हणजे नाव पटेल), कोळंबीला इराल, खेकड्याला नंडु, माकुळाला कणवाय. मालवणकराला याचे फार आश्चर्य वाटले. साडेतीन शतके भाषा टिकवून धरणाऱ्यांनी माशांची नावे तेवढी कशी हरवली? मला वाटते, त्यांनी ती हरवली नाहीत. ती बहुधा त्यांच्याकडे नव्हतीच. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजी राजांनी तंजावर घेतले, आणि १८५५ साली ते राज्य खालसा होईपर्यंत जे मराठे इकडे येत राहिले, त्यांतले बरेचसे घाटावरचे. समुद्र त्यांना भेटला तो येथेच, नागपट्टिणम आणि कारैक्कालच्या कोळिणींच्या पाटीतून. शब्द तोच टिकतो, जो विकणारा आणि घेणारा दोघेही रोज उच्चारतात.

अर्थात जेवणाआधी वहीचे एक पान काढून त्यावर दोन रकाने आखण्यात आले, आणि मालवणकर व यजमान यांच्यात देवघेव सुरू झाली. मोरी म्हणजे सुरा. कुर्ली म्हणजे नंडु. कालवापाशी ते दोघेही अडले. यजमानाच्या मते त्याला 'सिप्पी' म्हणावे. परंतु सिप्पी म्हणजे नुसता शिंपला. रिकामा रकाना तसाच ठेवून आम्ही स्वयंपाकघरात गेलो.

वेळ कोणती निवडावी, हेही अशा बेतात पाहावे लागते. आमच्याकडे पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला म्हणजे मन मोकळे होते. पूर्व किनाऱ्यावरील बंदी १५ एप्रिल ते १४ जून. आपण श्रावण पाळतो, तर इकडे अनेक घरी पुरट्टासी, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा महिना, मांस-मासळीवाचून जातो. पुढे ईशान्य मोसमी पाऊस येतो. नद्या गढूळ होऊन खाड्यांत उतरतात, आणि त्या पाण्यातील कालवे तर मुळीच खाऊ नयेत. म्हणून पोंगल उलटल्यावरचा एक रविवार धरला होता.

मालवणकराने आदल्या दिवशी वेल्लारुच्या मुखातून कालवे काढून आणली होती. रात्रभर स्वच्छ, खाऱ्या केलेल्या पाण्यात ठेवून, सकाळी ओल्या गोणपाटात गुंडाळून तो बसने आला. मोजून चार डझन. आणि येथेच घरात वादळ उठले.

यजमानाचे वडील, ज्यांना आम्ही सर्व अप्पा म्हणतो, सत्तरीच्या पुढचे गृहस्थ. त्यांनी कोठल्याशा चित्रपटात साहेबलोकांना शिंपला ओठाशी लावून, लिंबू पिळून, कच्चेच कालव गिळताना पाहिले होते. त्यांनी एक शिंपला उचलला आणि सुरी मागितली. मालवणकराने सुरी दिली नाही.

"मी या वयात एवढेही करू नये काय?" अप्पांनी विचारले.

"इतर काहीही करा, अप्पा. हे नको."

घरचा पाहुणा, वयाने धाकटा, आणि यजमानाच्या वडिलांना त्यांच्याच घरात नाही म्हणतो! यजमान गोरामोरा झाला. आम्ही बाकीचे भिंतीकडे पाहू लागलो. मालवणकर मात्र हलला नाही. त्याने जे सांगितले ते वाचकांनीही ध्यानी धरण्याजोगे आहे, म्हणून येथे देतो.

कालव हा प्राणी आपले अन्न पाणी गाळून मिळवतो. तासाला कित्येक लिटर पाणी त्याच्या अंगातून जाते, आणि त्या पाण्यात जे असेल, चांगले किंवा वाईट, ते त्याच्यात साठते. गावाचे सांडपाणी खाडीत आले तर त्यातील रोगजंतू कालवात आलेच. त्याखेरीज उष्ण, मचूळ पाण्यात स्वभावतःच वाढणारे विब्रिओ नावाचे जंतू असतात. त्यांची एक जात निरोगी माणसाला बहुधा फारसा त्रास देत नाही, परंतु ज्याचे यकृत बिघडलेले आहे किंवा ज्याला मधुमेह आहे, त्याच्या रक्तात शिरली तर प्राणावर बेतते. अप्पांना मधुमेह होऊन वीस वर्षे झाली होती. लिंबाने ते जंतू मरत नाहीत, मिरपुडीने मरत नाहीत, मद्याने तर नाहीतच. परदेशांत जेथे कालवे कच्ची खातात, तेथे ती तपासलेल्या पाण्यात वाढवतात, पुन्हा निर्मळ पाण्याच्या टाक्यांत ठेवून साफ करतात. आणि तरीही मधुमेह्यांना तेथील वैद्य ती वर्ज्यच सांगतात. रात्रभर बादलीत ठेवल्याने वाळू जाते. जंतू गेले असे समजू नये.

"माझ्या गावी," तो शेवटी म्हणाला, "कालवे काढणाऱ्या बायांच्या हातांना शिंपल्यांच्या धारेने घरे पडतात. आम्ही ती कांदा-खोबऱ्यात शिजवूनच खातो. कच्ची खात नाही म्हणून आम्हांला कोणी अडाणी म्हटले तर म्हणोत."

अप्पा काही न बोलता पडवीत जाऊन बसले.

मग कामाला सुरुवात झाली. उघडे पडलेले, टिचकी मारूनही न मिटणारे शिंपले मेलेले समजून टाकून दिले. असे तीन निघाले. बाकीचे ब्रशाने घासून मोदकपात्रात वाफेवर ठेवले. शिंपले उघडू लागल्यावर पुढे आणखी चार ते नऊ मिनिटे वाफ द्यावी लागते. उघडले की लगेच उतरवणे ही घाईची चूक होय. जे एवढे करूनही उघडले नाहीत, तेही फेकले. निम्म्या कालवांचे मालवणकराने सुके केले: बारीक कांदा, आले-लसूण, तिखट, हळद, आपल्याबरोबर आणलेली आमसुले, आणि वर ओले खोबरे. उरलेली तशीच शिंपल्यात, वर किंचित मिरपूड. पहिले ताट त्याने स्वतः पडवीत नेले. आत काय बोलणे झाले ते आम्हांस कळले नाही. ताट मात्र रिकामे परत आले, आणि पाठोपाठ अप्पाही.

सुशीची गोष्ट निराळी. कच्चा मासा म्हणजे सुशी असा आपल्याकडे समज आहे, तो यंत्रज्ञाने पहिल्यांदा दूर केला. सुशीचा प्राण म्हणजे आंबट भात. फार पूर्वी मासा टिकावा म्हणून तो मीठ लावून भातात दाबून ठेवीत. भात आंबे, मासा टिके, आणि मासा खाऊन भात टाकून देत. ती चाल भातशेतीच्या आग्नेय आशियातून जपानात गेली असावी असे अभ्यासक मानतात. बिवा सरोवराच्या काठी तशी सुशी अजूनही करतात. आंबण्याची वाट न पाहता भातातच शिरका घालून, वर माशाचा तुकडा ठेवून हातोहात विकण्याची युक्ती पुढे एदो नगरीत, म्हणजे आजच्या टोकियोत, रूढ झाली. १८२० च्या सुमारास हानाया योहेई नावाच्या माणसाने ती लोकप्रिय केली असे सांगतात. योगायोग असा की त्याच काळी इकडे तंजावरात दुसऱ्या सरफोजी राजांची कारकीर्द चालू होती, आणि त्यांच्या दरबारच्या पाकशास्त्राच्या मराठी पोथीत, 'सरभेंद्रपाकशास्त्रा'त, शाकाहारी पदार्थांबरोबर मांस-मासळीचे आणि इंग्रजी पद्धतीचेही पदार्थ लिहिले जात होते. परक्याची चव आपल्या स्वयंपाकघरात आणावयाची हौस या मातीत नवी नाही.

कच्चा मासा वापरावयास यंत्रज्ञानेही साफ नकार दिला. माशातील कृमी मारावयाचे तर तो शून्याखाली वीस अंशांवर सात दिवस गोठवावा लागतो. घरच्या शीतकपाटाचा कप्पा तेवढा थंड असेलच असे नाही. आणि जंतू तर गोठवूनही सगळे मरत नाहीत. म्हणून उकडलेली कोळंबी. उकडताना ती वाकडी होऊ नये म्हणून तिच्यात बांबूची काडी खोचतात, ही खुबी पाहण्यासारखी होती. तांदळाचे मात्र अडले. कावेरीकाठचा पोन्नी सुटसुटीत होतो, त्याचे मुटके वळत नाहीत. सुदैवाने मी पुण्याहून येताना दोन किलो इंद्रायणी आणला होता. तो चिकट भात शिरका, साखर, मीठ घालून वाऱ्यावर निववला, आणि जपानी भाताची उणीव कोणास भासली नाही. निदान यंत्रज्ञ तसे म्हणाला. तो सभ्य मनुष्य आहे.

गणितज्ञासाठी निराळ्या फळीवर काकडीची सुशी वळली. भाताभोवतीचा काळा कागद समुद्रातील शेवाळाचा आहे हे ऐकून तो थबकला. तेव्हा आईंनीच त्याला धीर दिला: जिलेटिनाऐवजी 'कडल्पासी' घालून आपण खीर थिजवतो, तेही समुद्राचेच शेवाळ. त्याने एक तुकडा तोंडात घातला, नंतर चार. वसाबीचा झणका नाकात गेल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी आले. ते, तो म्हणाला, मोहरीच्या रायत्याने लहानपणी येई तसेच.

यजमानाच्या घरचे सुरापुट्टु आणि वंजिरमचे चिंचेचे कुळंबु हे खरे तर या पंगतीचे मुख्य अन्न होते. पण त्यांच्याविषयी थोडेच लिहितो, कारण ती शब्दांत मावत नाहीत. मुशी उकडून, कातडे काढून, हाताने मोकळी करायची आणि भरपूर कांदा-लसणीवर परतायची. बाळंतिणीला दूध यावे म्हणून हे देतात. आईंनी ते वाढले आणि आम्ही खाली मान घालून जेवलो.

जेवणानंतर आईंनी वही मागवली. रिकाम्या रकान्यासमोर मालवणकराने 'कालव' असे लिहून दिले. तमिळ बाजूस काय लिहावे यावर त्यांनी थोडा विचार केला आणि सांगितले, तेथेही 'कालव'च लिहा. आजपासून या घरात तेच म्हणू.

मग कुंभकोणमची कोवळी वेड्याची पाने आली, सुपारी आली, चुन्याची डबी आली. गणितज्ञ पान लावीत असता अप्पांनी त्याला सहज विचारले, हा चुना कशाचा ठाऊक आहे काय? तो म्हणाला, चुन्याचाच. अप्पांनी उष्ट्या ताटातील रिकाम्या शिंपल्यांकडे बोट दाखवले. या घरात शिंपले भाजून केलेलाच चुना वापरतात, असे त्यांनी सांगितले. त्या दिवशी अप्पा प्रथमच मोठ्याने हसले. गणितज्ञाने हातातील पानाकडे पाहिले, ते तोंडात घातले, आणि दुसरे लावावयास घेतले. चुना मात्र या खेपेस जरा कमी.