ठासणीची बंदूक

गेल्या वर्षी इतिहासाच्या तासाला १८५७ चा उठाव चालू होता. सरांनी विचारले, "काडतूस दातांनी तोडायचे म्हणजे शिपायाने नेमके काय करायचे?" वर्ग गप्प. कॉलेजात आल्यापासून मी वर्गात एकदाही आपणहून उभी राहिले नव्हते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. घरी पाहिलेले काही येथे उपयोगी पडेल असे कधी वाटलेच नव्हते. पण हे उत्तर मला येत होते, कारण आजोबांकडे पिकाच्या रक्षणासाठी परवान्याची ठासणीची बंदूक आहे. मी उभी राहिले खरी, पण धड चार वाक्ये बोलता आली नाहीत. म्हणून हा लेख.

ठासणीची बंदूक म्हणजे तोंडाकडून भरायची बंदूक. तिला तयार काडतूस लागत नाही; प्रत्येक बार हाताने भरावा लागतो. आधी मापाने दारू, तिच्यावर काथ्याचा किंवा कागदाचा बोळा, मग गोळी अथवा छर्रे, पुन्हा बोळा. प्रत्येक थर लांब गजाने ठासायचा. नाव पडले ते यावरूनच. सगळ्यात शेवटी, बंदूक रोखण्याच्या वेळी, मागच्या बारीक नळीवर तांब्याची टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, टोपीतले रसायन पेटते आणि ठिणगी दारूपर्यंत जाते. टोपी शेवटी का, हे सांगायला नको. नळीच्या तोंडाशी आपलाच हात असतो.

ही टोपी आली पक्ष्यांमुळे, असे म्हणावयास हरकत नाही. पूर्वी चकमकीच्या बंदुकीत बाहेरच्या वाटीतली दारू आधी भडकत असे. तो उजेड पाहून पाखरे बार सुटण्यापूर्वीच उडून जात. स्कॉटलंडमधले अलेक्झांडर फोर्सिथ नावाचे धर्मोपदेशक शिकारीचे शौकीन होते. त्यांनी आघाताने पेटणारे रसायन वापरून १८०७ मध्ये पेटंट घेतले. पुढे त्यातूनच तांब्याची टोपी निघाली.

छर्ऱ्यांचीही अशीच गंमत. ते इतके गोल कसे, असा मला लहानपणी प्रश्न पडे. वितळलेले शिसे चाळणीतून उंचावरून सोडले की थेंब पडता पडता आपोआप गोल होतो आणि खालच्या पाण्यात थिजतो. ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने या युक्तीचे पेटंट १७८२ मध्ये घेतले. आणि 'बारा बोर' म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसेल ती नळी बारा बोरची.

आता सरांच्या प्रश्नाकडे वळते. शिपायाच्या कागदी काडतुसात मापाची दारू आणि गोळी एकत्र बांधलेली असे. टोक दातांनी तोडायचे, दारू नळीत ओतायची आणि मग कागदासकट गोळी ठासायची. आजोबांच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत आहे. १८५३ च्या एन्फील्ड रायफलीच्या नळीत मात्र पिळाच्या खाचा होत्या. त्यांमुळे गोळी फिरत जाते व लांबवर नेम लागतो. पण अशा नळीत गोळी सहज उतरावी म्हणून कागदाला चरबी लावावी लागे. ती गाईची व डुकराची असल्याची वार्ता पसरली. एप्रिल १८५७ मध्ये मीरतच्या ८५ स्वारांनी काडतुसे घेण्यास नकार दिला. धर्माचा प्रश्न ठासण्याच्या रीतीतून कसा उभा राहिला, हे मला पुस्तकापेक्षा आजोबांच्या गजामुळे लवकर कळले.

आता एक दुःखाची गोष्ट. माझ्या जन्मापूर्वी माझे चुलत आजोबा भात राखायला मांगरात होते. रात्री डुकरे आली. त्यांनी चाप ओढला. टोपी वाजली, पण दमट दारू पेटली नाही. अंधारात, घाईत त्यांनी आधीचा बार तसाच ठेवून वर दुसरा भरला. पुढच्या टोपीला दोन्ही पेटले, नळी फुटली आणि त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. गोळी दारूवर नीट न टेकता मध्ये पोकळी राहिली, तरीसुद्धा नळी फुटण्याचे भय असते.

तेव्हापासून आजोबांच्या गजावर दोन खाचा आहेत. गज नळीत सोडून पाहायचे. पहिली खाच तोंडाशी आली तर बंदूक रिकामी, दुसरी आली तर एक बार भरलेला. गज त्याहून वर राहिला तर बंदुकीला हात लावायचा नाही. आजोबांना अक्षरओळख नाही, पण खाचा पाहिल्याशिवाय ते बंदूक उचलत नाहीत. "गो बाय, घाय केलंस तर हात जातलो," हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे.

पणजोबांच्या काळी हिच्यावर ससे, कवडे मिळत. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची सोय आहे. पण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ ची त्यातली दुरुस्ती यांनंतर हौसेची शिकार संपली. ती संपली हे बरेच झाले, असे मला वाटते. आजोबा आता फक्त हवेत बार काढतात. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते, आणि नेमकी तेव्हा डुकरे येतात, अशी त्यांची तक्रार.

आपल्यामागे बंदूक सरकारजमा करावी, असे ते म्हणतात. बाबांचीही त्याला संमती आहे. मी एवढेच मागितले आहे की, तो खाचांचा गज मात्र घरात राहू द्यावा. यंदा परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज मीच भरला. सही करायच्या जागी आजोबांनी अंगठा उठवला, आणि अर्ज पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचून दाखव म्हणाले. घाई करायची नाही, हा नियम त्यांनी कागदालाही लावला.