मंद आचेवर आठ तास: स्लो कुकरमधला बीफ रोस्ट

मंडळी, आजचा आपला विषय आहे अमेरिकेतल्या घरांमधला पॉट रोस्ट. सकाळी मांस आणि भाज्या स्लो कुकरमध्ये ठेवायच्या, कामावर जायचं आणि संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र जेवायला बसायचं. प्रकार सोपा आहे. पण भांड्याच्या आत काय चाललंय, हे समजून घेतलं तरच तो चवदार होतो आणि सुरक्षितही राहतो.

आधी थोडा इतिहास पाहू. हे यंत्र शिकागोच्या इरविंग नॅक्सन यांचं. त्याचं पेटंट त्यांना 1940 साली मिळालं. कल्पना सुचली ती आईनं सांगितलेल्या एका आठवणीवरून. लिथुआनियात शब्बाथ लागण्याआधी चोलंट नावाच्या रश्श्याचं भांडं बेकरीच्या भट्टीत ठेवत आणि उरलेल्या धगीवर ते रात्रभर शिजत असे. पुढे 1970 मध्ये रायव्हल कंपनीनं नॅक्सन यांचा व्यवसाय घेतला आणि 1971 मध्ये तेच यंत्र 'क्रॉक-पॉट' या नावानं बाजारात आणलं.

आता मांसाकडे वळू. इथे महागडा, कोवळा भाग घ्यायचा नाही. घ्यायचा तो खांद्याचा, म्हणजे चक रोस्ट. जनावराचे खांद्याचे स्नायू सतत काम करतात, म्हणून त्यात कोलॅजनचे चिवट धागे भरपूर असतात. साधारण 60 ते 65 अंश सेल्सिअसला हे धागे आक्रसतात आणि मांसातलं पाणी पिळून काढतात. त्यामुळे मधल्या टप्प्यावर तुकडा वातड लागतो. पुष्कळ जण इथेच म्हणतात, "बिघडलं!" खरं तर त्याला अजून वेळ हवा असतो. 70 अंशांच्या पुढे तेच कोलॅजन हळूहळू विरघळून जिलेटीन होतं. तुकडा आतून 93 अंशांच्या आसपास गेला, की काट्यानंसुद्धा सुटतो.

कृती अशी. दीड किलोचा तुकडा कोरडा पुसायचा, मीठ-मिरपूड चोळायची आणि तापलेल्या तव्यावर सगळ्या बाजूंनी तांबूस परतायचा. ही खमंग चव स्लो कुकरच्या ओलसर वाफेत तयार होत नाही. बटाटे, गाजरं आणि कांदे तळाशी घालायचे, कारण उष्णता तळातून आणि कडेनं येते आणि कंदमुळांना शिजायला वेळ लागतो. वर मांस ठेवायचं, लसूण घालायची आणि एक कप स्टॉक ओतायचा. जास्त नको, झाकणामुळे वाफ आतच राहते आणि मांसालाही पाणी सुटतं. 'लो'वर आठ-नऊ तास, 'हाय'वर पाच-सहा तास. मधे झाकण उघडून बघायचा मोह टाळायचा, कारण गेलेली उष्णता परत जमायला वेळ लागतो. शेवटी रस्सा पातळ वाटला, तर पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लोअर घालून उकळायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 4 ते 60 अंशांच्या दरम्यान जिवाणू झपाट्यानं वाढतात आणि स्लो कुकर तर सावकाशच तापतो. म्हणून गोठलेलं मांस थेट त्यात टाकायचं नाही. ते आधी फ्रिजमध्येच पूर्ण वितळवायचं. दीड किलोला साधारण एक दिवस धरा. आपण बाहेर असताना वीज गेली असेल, तर जेवण शिजलेलं दिसलं तरी टाकून द्यायचं. जीवावर येतं, पण घरातल्या लहानग्यांचा आणि म्हाताऱ्यांचा विचार करा. उरलेलं दोन तासांच्या आत उथळ डब्यांत काढून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचं, स्लो कुकरमध्ये नाही.

थोडक्यात काय, तर या पदार्थात कौशल्य कमी आणि धीर जास्त लागतो. स्वस्त, चिवट तुकड्याला वेळ दिला, तर तो चार-सहा माणसांचं जेवण होतो. फक्त तो वेळ योग्य तापमानाचा हवा, एवढं ध्यानात ठेवू या.