परसातलं बी घरीच धरा

वेलावरचं, झाडावरचं सगळ्यात देखणं फळ भाजीला तोडू नका, त्याला चिंधी बांधून बियाला ठेवा. नांदेड-लातूरकडे पावसाळ्यात लावलेला दोडका वेलावरच वाळू द्यावा. हलवल्यावर आत बी खुळखुळलं की तोडावा. वांगं पिवळं पडून मऊ होईस्तोवर झाडावर राहू द्या. टोमॅटोचा गर दोन-तीन दिवस आंबवला की बियांवरचा बुळबुळीत थर सुटतो. मग धुऊन सावलीत वाळवा. भेंडीची शेंग मात्र उकलण्याआधी काढावी, नाहीतर बी मातीत सांडतं.

संकरित वाणाचं बी धरू नका, पुढच्या पिढीत गुण टिकत नाहीत. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ भेंडी संकरित नाही, तिचं बी खुशाल धरा. काकडी, दुधी यांचे परागकण मधमाश्या लांबवर नेतात. जवळपास दुसरा वाण असला तर बी भेसळतं.

खडखडीत वाळलेलं बी राख नि कडुनिंबाचा सुका पाला घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दमट हवा हा त्याचा खरा शत्रू.

2001च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचं बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा हक्क दिला आहे. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपण्यासाठीच पद्मश्री मिळाली.