कौलाची जमीन, अमेरिकेचा भाव

पहूर पेठ आणि पहूर कसबे ही एकाच गावाची दोन अंगे. जवळून वाघूर वाहते. अजिंठ्याच्या लेण्यांखालची नालेच्या आकाराची घळ ओलांडून ती उत्तरेला खानदेशात उतरते आणि पुढे तापीला मिळते. इंग्रजी अमलात अजिंठा-फर्दापूर निजामाकडे, तर जामनेर तालुका इंग्रजांकडे होता. पहूर म्हणजे जवळजवळ हद्दीवरचेच गाव.

२८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा लष्करी अधिकारी वाघाच्या मागावर याच घळीत आला आणि दहाव्या लेण्यात आपले नाव कोरून गेला. कलेच्या इतिहासात ती तारीख शोधाची म्हणून येते. मला त्यात शेतीची अवस्था दिसते. वाघूरच्या उगमाकडे वाघ होते, आणि खालच्या काळ्याभोर जमिनीवर बोरी-बाभळीचे रान माजले होते.

हे रान मुळातले नव्हे. १८०२च्या सुमारास यशवंतराव होळकरांच्या फौजांनी प्रांत तुडवला. पाठोपाठ दुष्काळ आला, मग पेंढारी आले. शेतकरी उठून गेला आणि गावे ओस पडली. अमेरिकेतला सीमेवरचा शेतकरी आपण कोरी जमीन फोडतो आहोत असे समजायचा (तीही कोरी नव्हतीच). खानदेशच्या शेतकऱ्याला मात्र नांगराच्या फाळाला जुन्या बांधांचे दगड लागत. त्याची सीमा मोडलेल्या गावाच्या आत होती.

१८१८ नंतर इंग्रजांच्या कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याहून कारभार सुरू केला. सरकारला सारा हवा होता आणि साऱ्यासाठी माणूस हवा होता. पडीक जमीन कौलावर देण्याची रीत मराठी अमलातली. अशा चढत्या साऱ्याच्या कौलात, म्हणजे इस्ताव्यात, पहिल्या वर्षी नाममात्र सारा असे, पुढे पायरीपायरीने पूर्ण दरापर्यंत. बैल, बियाणे, विहीर यांसाठी तगाई मिळे. बोलावणारा नवा असला तरी आमिष जुनेच होते.

अशी जमीन एकट्याच्या हाताला येत नाही. हरळी आणि कुंदा खोल मुळे धरतात. ते काढायचे तर जड नांगराला चार-सहा बैल जुंपावे लागत, आणि एका घरी इतके बैल असणे म्हणजे श्रीमंतीच. म्हणून भाऊ-भाऊ, चुलते-पुतणे एकत्र राहत. ज्याला झेपेल तो आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदार ठेवी. पोरे माळ्यावर बसून पाखरे हाकत. निंदणी, कापसाची वेचणी, पहाटेचे दळण हे सारे बायकांच्या अंगावर. एकत्र कुटुंब ही आपल्याकडे संस्कृती म्हणून सांगतात. या काळ्या जमिनीत ते आधी बैलजोड्यांचे गणित होते, असे माझे मत आहे.

या चित्रात भिल्लांची बाजू गाळून चालणार नाही. डोंगरातली वाट, तिच्या राखणीचा हक्क, जंगलातली कापणी यांवर जगणाऱ्या माणसांना नव्या राज्याने दरोडेखोर ठरवले. १८२५ मध्ये जेम्स औट्रमने त्यांच्यातूनच भिल्ल पलटण उभारली. तिचे ठाणे धरणगावला. काहींना जमीन, बैल आणि तगाई देऊन नांगराला जुंपले. शेतकऱ्याची वस्ती निर्धास्त झाली ती अशी. १८५८ मध्ये आंबापाणीला भिल्ल पुन्हा इंग्रजांशी लढले, म्हणजे हिशेब मिटलेला नव्हता.

शेतकऱ्याचाही मिटला नव्हता. १८५२ मध्ये विंगेट या इंग्रज अधिकाऱ्याची जमीनमोजणी खानदेशात आली. मोजणीची साखळी शेतात आली की सारा वाढणार, ही भीती रास्तच होती. यावल, सावदा, फैजपूर, एरंडोल भागात लोक जमले आणि मोजणीदारांना अडवले. सरकारने फौज आणली, मोजणी पुरी झाली, शेताला नंबर पडला. कौलावर आलेल्याचा नातू आता खातेदार झाला, आणि सातबाऱ्याकडे जाणारी वाट इथून निघाली.

मग अमेरिकाच दारी आली. २० मे १८६२ रोजी लिंकनने होमस्टेड कायद्यावर सही केली. त्या कायद्याने तिथे १६० एकर जमीन पाच वर्षे राहून-कसून आपली करण्याची मुभा मिळाली. त्याच सुमारास तिथल्या यादवीमुळे दक्षिणेतला कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि मुंबईचा भाव कडाडला. रेल्वेही याच दशकात पाचोरा, जळगाव, भुसावळपर्यंत आली. खानदेशातल्या गाड्या कापूस भरून स्टेशनाकडे निघाल्या. एका खंडातल्या लढाईने दुसऱ्या खंडातल्या शेतकऱ्याच्या हाती रोकड खुळखुळली, हे त्याला बहुधा सावकाराकडूनच कळले असेल. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळला. तेजीत वाढवलेले कर्ज मात्र राहिले.

या साऱ्यात घरातली माणसे कुठे आहेत? खात्यावर बहुधा कर्त्या पुरुषाचे नाव. घर आतून कसे होते ते एका ठिकाणी, बहिणाबाई चौधरींच्या ओव्यांत, भरभरून सापडते. असोद्याच्या उखाजी महाजनांच्या घरी २४ ऑगस्ट १८८० रोजी बहिणाबाई जन्मल्या. तेराव्या वर्षी त्या जळगावच्या नथुजी चौधरींच्या घरी आल्या आणि तिशीतच विधवा झाल्या. मुलगा ओंकार याला प्लेगने कायमचे अपंगत्व आले. लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईच्या ओव्या मुलगा सोपानदेव यांनी टिपून ठेवल्या नसत्या, तर त्या शेतातच विरल्या असत्या. बाईच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. पेरणी, मोट, खळे, सासर, माहेर यांतले कुठलेच मोजणीच्या वहीत नाही. मोजणीने एकर सांगितले, ओव्यांनी राबणे.

पहूरकडच्या कुणाला आपल्या घराण्याचा माग काढायचा असेल तर दोन दप्तरे आहेत. एक महसुलाचे: जुने फेरफार, सर्व्हे नंबर, खातेदार. दुसरे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे. अस्थी घेऊन गेलेल्या माणसाने आपले गाव, कूळ, बाप-आजाची नावे वहीत लिहवून घेतलेली असतात. पहिल्यातून जमीन कधी हाती आली आणि कधी गेली ते कळते, दुसऱ्यातून तेव्हा घरात कोण हयात होते ते. दोन्ही शेजारी ठेवून वाचायला मोडीचा जाणकार सोबत हवा.