बापाचे नाव लावणारी लेक

आंबेडकरी साहित्यात आई जागोजागी भेटते. ती दळते, कांडते, दुसऱ्याच्या शेतात राबते, स्वतः उपाशी राहून लेकराच्या पाटी-पेन्सिलीची सोय करते. बाप मात्र क्वचित भेटतो. भेटला तरी एक तर गावकीच्या कामाने वाकलेला असतो, नाही तर दारूपायी वाया गेलेला. लेकराला खांद्यावर घेणारा, त्याच्या शिक्षणाचे वेड लागलेला, हसरा-बोलका बाप आमच्या माणसांत नव्हता काय? होता. त्याच्यावर लिहिले कमी गेले, एवढेच.

पहिला पुरावा खुद्द बाबासाहेबांच्या घरातला. रामजी सुभेदारांचे पेन्शन ते केवढे! पण भिवाला पुस्तक हवे असले की ते लेकींच्या सासरी जात. पैसे नसले तर लेकीचा दागिना मागून आणत, गहाण टाकत आणि पेन्शन हाती आले की सोडवून परत करत. परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत दोघांना नीट आडवे व्हायला जागा नव्हती. म्हणून मुलगा लवकर झोपे. रात्री दोन वाजता बाप त्याला अभ्यासाला उठवी आणि मग स्वतः अंग टाकी. दुसरा पुरावा डॉ. नरेंद्र जाधव यांच्या ‘आमचा बाप आन् आम्ही’ या १९९३ च्या पुस्तकाचा. नाशिक जिल्ह्यातल्या ओझरच्या दामूने निवृत्तीनंतर मुलाच्या आग्रहाने वहीत आपल्या आठवणी लिहिल्या आणि त्यातून ते पुस्तक उभे राहिले. दोन्ही घरे आपली आहेत, वाचकांना ठाऊकही आहेत. तिसरे घर मात्र आपण विसरत चाललो आहोत आणि त्याची मुळे बार्शीत आहेत.

बार्शी म्हटले की लोकांना भगवंताचे देऊळ आठवते, धान्याची पेठ आठवते, फार तर कुर्डुवाडीहून येणारी ती अरुंद रुळांची बार्शी लाइट रेल्वे आठवते. याच गावात २० ऑक्टोबर १९१६ रोजी मेहबूब हुसेन पटेल नावाचे पोर जन्माला आले. आई मुनेरबी. तिच्या कंठात मराठी ओव्या होत्या, लोकगीते होती. पोराला गाणे शिकवायला कोणी उस्ताद नव्हता. आईचा गळा हीच त्याची शाळा. आज उठसूट मुसलमान माणसाकडे मराठीपणाचा दाखला मागणाऱ्यांनी बार्शीच्या या घरात डोकावून पाहावे. जात्यावरची मराठी कोणाच्या घरात नांदत होती, ते कळेल.

गरिबीने मेहबूबला मोटारीवर क्लीनर केले, गिरणीत कामगार केले. बार्शीच्या गिरणी कामगारांच्या लढ्यातून तो पुढे आला, लाल बावट्याखाली उभा राहिला आणि ‘अमर शेख’ झाला. हे नाव जन्माचे नव्हे, कमावलेले आहे. त्यात पाटीलकी राहिली नाही, वाडवडिलांचा मानमरातब राहिला नाही. ‘अमर’ आणि ‘शेख’ हे दोन शब्द शेजारी शेजारी उभे राहिले आणि महाराष्ट्राने ते एका दमात म्हणायला सुरुवात केली.

१९४४ साली अण्णाभाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख यांनी मुंबईत लाल बावटा कलापथक उभारले. वाटेगावचा मातंग, बार्शीचा मुसलमान आणि त्यांच्या जोडीला गवाणकर! कामगार मैदानात हजारो माणसे रात्र रात्र बसून राहत. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तर शाहिरांचा डफ हेच आमचे वर्तमानपत्र होते. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनाही तो ऐकता येत होता. आज त्या लढ्याचा इतिहास सांगताना व्यासपीठावरच्या पुढाऱ्यांची नावे घडाघडा घेतली जातात आणि शाहिरांना एका ओळीत गुंडाळले जाते. ही जुनीच खोड आहे.

माणूस किती उत्साही असावा! ‘पहिला बळी’ हे नाटक लिहिले, ‘युगदीप’सारखे नियतकालिक चालवले, ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे कवितासंग्रह दिले. १९६१ च्या ‘प्रपंच’ चित्रपटात भूमिका केली. ज्योतीताईंशी धर्माच्या भिंती ओलांडून संसार मांडला. मुनेरबीच्या पोराला एका जागी बसणे माहीतच नव्हते.

अशा बापाची लेक कशी वाढली असेल? मलिका अमर शेख यांचा जन्म १९५७ चा, म्हणजे संयुक्त महाराष्ट्राची लढाई पेटलेली असतानाचा. बापाच्या पायाला भिंगरी. आज या गावात, उद्या त्या गावात. आमच्या चळवळीतल्या कितीतरी कार्यकर्त्यांच्या घरची हीच कथा आहे. पण त्यातल्या बहुतेक घरांत बाप सभेला गेला की घर सुटकेचा श्वास टाकते, ही कडू गोष्ट आम्ही दडवून ठेवतो. मलिकाताईंच्या लेखनात बापाची आठवण येते ती वेगळी. तिथे बापाची दहशत नाही. गाणे आहे, माणसांची वर्दळ आहे, पुस्तके आहेत आणि आजारी पडणाऱ्या लेकीचे केलेले लाड आहेत. मंचावर समतेचा पोवाडा गाणारा माणूस घरातही तसाच होता, याची साक्ष लेक देते. अशी साक्ष कोणत्याही पुरस्काराहून मोठी, असे आमचे मत आहे.

हे सुख फार टिकले नाही. १९६९ साल महाराष्ट्राला भोवले. १३ जूनला आचार्य अत्रे गेले, १८ जुलैला अण्णाभाऊ गेले आणि २९ ऑगस्टला इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले. अडीच महिन्यांत तीन आवाज बंद पडले. शाहिराचे वय बावन्न. इंदापूरचा रस्ता पुढे सोलापूरकडेच जातो. लेक तेव्हा बारा वर्षांची होती.

पुढची कथा आंबेडकरी वाचकाला सांगायला नको. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली, ‘गोलपिठा’ आला, आणि काही वर्षांत मलिकाताई नामदेव ढसाळांच्या घरात आल्या. १९८४ साली त्यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ प्रसिद्ध झाले. त्या संसारातला दाह त्यांनी झाकून ठेवला नाही. आमच्याकडे अनेकांना ते पुस्तक झोंबले. घरातले उणेदुणे चव्हाट्यावर कशाला, चळवळीच्या शत्रूंच्या हाती कोलीत कशाला, असे बोलले गेले. नामदेव ढसाळ हे आमच्या पिढीचे महाकवी. १५ जानेवारी २०१४ रोजी ते गेले, तरी त्यांची कविता आम्हाला आजही झोपू देत नाही. त्यांचे मोठेपण तसूभरही कमी न करता आम्ही म्हणतो की ते पुस्तक चळवळीच्या विरोधात नाही. पुरुषाने घरात कसे वागावे याचे माप त्या लेकीने कुठल्या परदेशी ग्रंथातून आणले नव्हते. बारा वर्षे तिने ते डोळ्यांनी पाहिले होते. ज्या मुलीला प्रेमळ बाप मिळतो, तिला पुढे कोणाचाही जाच ‘नशीब’ म्हणून गिळता येत नाही. आमच्यातल्या कित्येक बायकांनी मुकाट्याने सोसले, कारण त्यांनी माहेरीही तेच पाहिले होते.

मलिकाताईंनी बापावर स्वतंत्र पुस्तकही लिहिले आहे: ‘सूर एका वादळाचा’. नाव पाहा. वादळ मैदानातल्या लाखोंनी अनुभवले, सूर मात्र लेकीने जपला. नवऱ्याविषयीचे पुस्तक गाजले, त्यावर वाद झाले, २०१६ साली जेरी पिंटो यांनी ते इंग्रजीत नेले. बापाविषयीच्या पुस्तकाची चर्चा त्या मानाने झालीच नाही. भांडण विकले जाते, माया विकली जात नाही; बाजाराचा हा न्याय आम्हीही निमूटपणे मान्य करून टाकला.

आणखी एक गोष्ट. लग्नानंतर बाईने नाव बदलायचे, ही या देशाची रीत. मलिकाताईंनी ‘वाळूचा प्रियकर’पासून प्रत्येक पुस्तकावर ‘मलिका अमर शेख’ हेच नाव ठेवले. बापानेही घराण्याचे नाव बाजूला ठेवून स्वतःचे नाव घडवले होते. त्याने मागे जमीनजुमला ठेवला नाही. जे नाव त्याने गिरणीच्या भोंग्याखाली आणि डफाच्या थापेवर मिळवले, तेवढेच लेकीच्या हाती दिले, आणि तिने ते कोणासाठी सोडले नाही.

मुंबई विद्यापीठात शाहीर अमर शेख यांच्या नावाचे अध्यासन आहे, ही समाधानाची बाब. बार्शीच्या पोरांना मात्र विचारून पाहा, आपल्या गावाने महाराष्ट्राला कोण दिला ते. वाचकहो, बार्शी-वैराग भागातल्या वस्त्यांत आज भीमजयंतीला डीजे लावायला वर्गणी निघते. त्याच वर्गणीतून मलिकाताईंची ही दोन पुस्तके वस्तीच्या वाचनालयात आणता येतील. आधी बापाचे द्यावे, मग दुसरे. आणि द्यायची ती नुसत्या मुलींना नव्हे. नुकते बाप झालेल्या पोरांना आधी द्यावीत.