पुस्तकात ‘शेत’, तोंडात ‘वावर’

दुसरीतला चिरंजीव पुस्तक उघडून घडाघडा धडा वाचू लागला, की अकोल्याच्या जठारपेठेत काय किंवा अमरावतीच्या राजापेठेत काय, आईबापांना धन्य वाटते. न अडखळता वाचले म्हणजे वाचता आले, अशी आपली समजूत! पुस्तक मिटून “काय रे झाले गोष्टीत?” असे एकदा विचारून पाहावे. पुष्कळदा उत्तरादाखल धड्याची पहिलीच ओळ पुन्हा ऐकू येते.

आता आजीजवळ वाढलेले एखादे लेकरू घ्या. पुस्तकात आहे, ‘आभाळ भरून आले. रामूने शेतातला कडबा झाकला.’ ते वाचते, ‘आभाय भरून आलं. रामूनं वावरातला कडबा झाकला.’ आई दरडावते, “नीट वाच! शेत दिसत नाही का?”

वाचकहो, यातल्या दोन चुका एका मापाने मोजू नका. ‘आभाय’ ही केवळ जिभेची सवय. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतोच. पण ‘वावर’चे काय? ‘शेत’ या अक्षरांत ‘वावर’ कुठेच नाही. अर्थ मनात पोचल्यावाचून तो शब्द ओठांवर यायचा कसा? अमेरिकेतील केनेथ गुडमन यांनी 1960 नंतरच्या दशकात मुलांच्या वाचनातल्या अशाच चुका बारकाईने तपासल्या आणि चूक ही वाचणाऱ्याच्या मनात डोकावण्याची खिडकी आहे, असे मानले. आपण मात्र ती खिडकी दिसताच धाडकन लावून घेतो. दोनचारदा दटावले, की पोर अर्थ सोडून अक्षरांनाच धरून बसते. बोली ‘अशुद्ध’ म्हणून घराबाहेर घालवणाऱ्या सुशिक्षित घरांत हे फार घडते.

मग घरी करावे काय? गोष्ट मध्येच थांबवून विचारावे, “रामूनं कडबा कायले झाकला?” हे पुस्तकात लिहिलेले नाही, भरून आलेल्या आभाळावरून ते ताडायचे आहे. “पानी येनार होतं ना! भिजला असता तं बैलं काय खातीन?” असे उत्तर आले, की समजावे वाचन झाले. पुढे काय होईल याचा अंदाज करू द्यावा, अडलेला शब्द विचारू द्यावा, शेवटी गोष्ट घरच्या बोलीत सांगू द्यावी. पॅलिंक्सार आणि ब्राउन या अमेरिकेतील संशोधक बाईंनी 1984 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात थोड्या मोठ्या, वाचनात मागे पडलेल्या मुलांकडून जवळजवळ हीच कामे करून घेतली. त्यात मुलेच पाळीपाळीने गुरुजी होत, आणि त्यांची समज चांगलीच वाढली. आपल्या घरात गुरुजी व्हायला धाकटी बहीण एका पायावर तयार असते!

अमरावती जिल्ह्यातच वर मेळघाटात गेले, तर अडचण कितीतरी खोल जाते. कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातली, संथाळीच्या नात्यातली भाषा. धारणी-चिखलदऱ्याकडच्या कोरकू घरातले मूल मराठी अक्षरे शिकून वाचूही लागेल, पण त्या आवाजांमागे घरचा शब्दच उभा नसतो. तिथे आधी गोष्ट कोरकूत सांगून, तिच्यावर बोलून, मग मराठी पुस्तक हाती द्यावे लागते. वऱ्हाडी लेकराला ‘शेत’ ते ‘वावर’ एवढेच अंतर तोडायचे असते.

राहता राहिला ‘ळ’. तो गोष्ट संपल्यावर घ्यावा. केळी, पोळी, दिवाळी असे चार शब्द हसतखेळत म्हणवून घेतले, की दोन मिनिटांत काम होते.