चाईवरचा रक्ताचा थेंब

डोक्यावर चाई पडून केस गेलेल्या चट्ट्यातून सुई बाहेर आली की तिथे रक्ताचा बारीक थेंब उभा राहतो. ‘डोक्याला रक्त पोचत नाही, म्हणून केस जातात’ हे बीड जिल्ह्यात सर्रास ऐकू येतं. केजमधल्या एका त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात तो थेंब पाहिला की हे बोलणं तिथेच गळून पडतं.

समोर बसलेला तरुण ऊसतोडीहून परतलेला. कानामागे रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा आणि त्याच्या कडेला भाजल्याचा काळा डाग. फडावर कुणीतरी बिब्बा लावला होता. “रगत उसळलं की केस येतेत म्हणले,” तो सांगतो. त्याआधी कांदा आणि लसूण घासून झालेलाच.

डॉक्टर भिंगातून चट्ट्याची कड न्याहाळतात. मुळाशी निमुळते, टोकाला जाड असे आखूड केस तिथे दिसतात, अगदी उद्गारचिन्हासारखे. ही चाईची खूण. गजकर्णाचा संशय असता तर खपली खरवडून तपासली असती.

मग इन्सुलिनची बारीक सुई, ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉईड आणि सेंटीमीटरभर अंतरावर एकेक टोचणी. स्पिरिटचा वास सुटतो, तरुणाची मूठ आवळते. हे औषध रक्त वाढवत नाही. शरीराच्याच पांढऱ्या पेशी केसाच्या मुळावर चालून आलेल्या असतात, त्यांना ते आवरतं.

रक्त तर डोक्याच्या कातडीत मुबलक असतं. डोकं फुटलं की भळाभळा वाहतं ते उगाच नाही. वाढत्या केसाच्या मुळाशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, हे खरं. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचं औषध, ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढलेले दिसले आणि १९८८ साली अमेरिकेत ते टकलावर लावायला मंजूर झालं, हेही खरं. पण चाईचं मूळ दुखणं रक्ताच्या तुटवड्याचं नाही.

“शेगावकडं पडलं तसलं तर नाही ना?” तरुण विचारतो. २०२५च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यात शेगावच्या आसपासच्या गावांत लोकांचे केस काही दिवसांतच गळले होते. “ते वेगळं,” डॉक्टर म्हणतात. “केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. धीर धर.”

महिन्याला एक सेंटीमीटर. तरुण बोटांवर मोजतो. ऊसतोडीची टोळी पुन्हा निघेपर्यंत चट्टा झाकेल का, एवढीच त्याला काळजी.

लहान चट्ट्यावर अनेकदा वर्षभरात आपसूकही केस येतात. बिब्ब्याने खोल भाजून व्रण पडला, तर मात्र तिथली मुळंच जळतात. म्हणून चाई दिसली तर बिब्बा लावू नका. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं सरकारी रुग्णालय आहे, तिथे दाखवा.